पटावरची वीस नावे

(बदलापूर येथे झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी मागे टाकते आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन स्थानके बघता बघता येऊन जातात. एवढ्याशा अंतरात भाषेच्या तीन अवस्था भेटतात, याकडे रोज त्याच गाडीने ये-जा करणाऱ्याचेही सहसा लक्ष जात नाही. उल्हासनगरात सिंधी आहे. तिच्या शाळा जवळजवळ मिटल्या आहेत. अंबरनाथ तालुक्यातील डोंगरकडेच्या वाड्यांत कातकरी आणि ठाकरी बोली आहेत. त्यांच्या वाट्याला शाळा आली ती मराठीची, आणि आता ती मराठी शाळाही पटसंख्येच्या तराजूत तोलली जात आहे. बदलापुरात मराठी आहे. येथे गृहसंकुले वाढत आहेत, मराठी कुटुंबे वाढत आहेत, आणि त्या कुटुंबांतील मुले सकाळी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये चढत आहेत.

या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत, असे समजण्याची प्रथा आहे. त्या तशा नाहीत, हेच या व्याख्यानाचे सूत्र आहे.

प्रथम उल्हासनगर. १९४७ च्या फाळणीत पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचेही झाले. सिंध मात्र अखंड गेला. पंजाबी निर्वासिताला भारतात पंजाब उरला, बंगाली निर्वासिताला बंगाल उरला. सिंधी हिंदूला पाय रोवण्यासाठी स्वतःच्या भाषेचा एक जिल्हाही उरला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत सुमारे लाखभर माणसे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली आणि शेजारच्या नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले. छावणीचे आकडे मात्र पुसले गेले नाहीत. पत्ता सांगताना आजही कॅम्प तीन, कॅम्प पाच असेच सांगितले जाते. शरणार्थी या शब्दापेक्षा पुरुषार्थी हा शब्द या समाजाला अधिक शोभला, आणि त्याने तो व्यापारात, कारखानदारीत खरा करून दाखविला. त्याच बराकींत त्याने सिंधी माध्यमाच्या शाळाही काढल्या. अंगावरच्या वस्त्रानिशी आलेल्या माणसांनी पहिल्या काही वर्षांतच शाळा उभी करावी, ही गोष्ट लहान नाही.

पुढच्या काळात या भाषेला मानाची बहुतेक पदे मिळाली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, याची जबाबदारी राज्यांवर टाकण्यात आली. १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. साहित्य अकादमीचे पुरस्कार सिंधी ग्रंथांना मिळत आले आहेत. १९९४ साली सिंधीच्या विकासासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. राष्ट्रगीतातून ‘सिंध’ हा शब्द काढावा, अशी मागणी घेऊन कोणी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा २००५ साली न्यायालयाने ती फेटाळली. राज्य तेवढे सोडले, तर एखाद्या भाषेला अधिक काय हवे असते?

तिला हवी असते पहिलीची तुकडी. उल्हासनगरातील सिंधी शाळा एखाद्या फर्मानाने बंद पडल्या नाहीत. धाकट्या मुलाला इंग्रजी शाळेत घालावे, असे एका घराने ठरविले; त्याचा व्यापार मुंबईत होता, नातलग हाँगकाँगला किंवा दुबईला होते, आणि त्या घराचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच होता. पुढच्या वर्षी शेजारच्या घराने तेच केले. पहिलीत चाळीसच्या जागी पंचवीस मुले आली, मग बारा. तुकडी कमी झाली तसे शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले. कोणी निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. सिंधीचा शिक्षक होऊन उपयोग नाही हे दिसल्यावर अध्यापक विद्यालयात सिंधी घेणारेही उरले नाहीत. शाळेचा फलक राहिला, माध्यम बदलले. आज तेथील अनेक घरांत आजी सिंधीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. आजीला ते कळते, म्हणून कोणालाच काही बिघडल्यासारखे वाटत नाही.

त्यात लिपीचा तिढा. १८५३ साली इंग्रज सरकारने, बार्टल फ्रियर सिंधचे आयुक्त असताना, बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी सिंधीसाठी अधिकृत केली. जुनी पिढी ती लिपी घेऊन आली. तिचे सारे साहित्य त्या लिपीत होते. भारतात आल्यावर देवनागरीचा आग्रह धरणारा पक्ष उभा राहिला आणि वाद पेटला. अखेरीस दोन्ही लिप्या मान्य झाल्या. देवनागरी सिंधीला उत्तम चालते. श्वास आत ओढून उच्चारायच्या तिच्या चार खास ध्वनींसाठी ग, ज, ड, ब या अक्षरांखाली एक रेघ दिली की काम भागते. पण आजोबांचे पुस्तक एका लिपीत आणि नातवाची अक्षरओळख दुसऱ्या लिपीत, अशी स्थिती झाली. लिपीचा निर्णय पहिल्या पाच-दहा वर्षांत ठाम झाला असता, तर या भाषेची शाळा कदाचित आणखी एक पिढी टिकली असती. वादात दोन्ही बाजूंना विद्वान होते; वर्गात मुले मात्र घटत होती.

२०११ च्या जनगणनेत देशात सिंधी भाषकांची संख्या २७ लाख ७२ हजार नोंदली गेली. हा आकडा वाचताना त्यात दहा लाखांहून अधिक कच्छी भाषक धरलेले आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे. सीमेपलीकडे, जी भूमी सोडावी लागली तेथे, हीच भाषा आज तीन कोटींहून अधिक लोक बोलतात.

आता थोडे दूर जायचे आहे, आयर्लंडला. मराठी वाचकाला तो देश परका नाही. टिळकांच्या काळापासून आयरिश स्वातंत्र्यलढ्याच्या वार्ता महाराष्ट्रात आवडीने वाचल्या गेल्या. भगिनी निवेदिता मूळच्या आयर्लंडमधील डंगॅनन गावच्या. आणि त्यांनी कलकत्त्यात येऊन पहिले काम कोणते केले, तर १८९८ साली बागबाजारात मुलींची एक लहानशी शाळा काढली. आपल्या मायभूमीची भाषा शाळेच्या वाटेनेच कशी गेली, हे जिच्या देशाने पाहिले होते तिने शाळेपासून आरंभ करावा, यात काही संगती दिसते.

कारण आयरिश भाषा तलवारीने मेली नाही. १८३१ पासून तेथे सरकारी ‘नॅशनल स्कूल’ सुरू झाल्या आणि त्यांचे माध्यम इंग्रजी होते. १८४५ नंतरच्या दुष्काळाने आयरिश बोलणारे पश्चिमेचे गरीब प्रदेशच सर्वाधिक झोडपले. माणसे मेली, उरलेली अमेरिकेला गेली. जाणाऱ्याला इंग्रजी हवी होती, म्हणून आईबापच मुलाने घरी आयरिश बोलू नये, असा धाक घालू लागले. १८९३ साली डग्लस हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेलिक लीगची स्थापना केली. १९०८ साली पॅट्रिक पिअर्स यांनी द्वैभाषिक शाळा काढली. १९१६ च्या उठावानंतर ते गोळ्यांना बळी पडले. १९२२ साली राज्य आले. १९३७ च्या संविधानाने आयरिश ही पहिली राजभाषा ठरविली, आणि लीगचे संस्थापक हाइड १९३८ साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. भाषेच्या चळवळीला याहून मोठे यश कोणते?

तरीही २०२२ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून अधिक लोकांनी आयरिश येते असे सांगितले, आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. त्यांतही जेथे ती अजून गावाची भाषा आहे, त्या ‘गेल्ताख्त’ नावाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पट्ट्यांत रोज बोलणारे केवळ वीस हजारांच्या आसपास. २००७ साली एका शासकीय अभ्यासाने इशारा दिला होता, की याच गतीने चालले तर या पट्ट्यांतही आयरिश लोकव्यवहाराची मुख्य भाषा म्हणून आणखी पंधरा ते वीस वर्षेच टिकेल.

अशा वेळी डब्लिनच्या शासनाने काय करावे? २०११ च्या डिसेंबरमध्ये आर्थिक संकटातील अंदाजपत्रकात लहान शाळांतील शिक्षकांची संख्या कमी करण्याचे ठरले. तोवर शाळेत १२ मुले असली की दुसरा शिक्षक मिळत असे. ही अट टप्प्याटप्प्याने १४, १७ आणि २०१४ पर्यंत २० अशी चढविण्यात आली. हिशेबनिसाच्या दृष्टीने तो अगदी साधा बदल होता. किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या वस्त्यांत मात्र खळबळ उडाली, कारण गेल्ताख्तमधील शाळा मुळातच लहान. पालक, शिक्षक रस्त्यावर आले.

दुसऱ्या शिक्षकाने एवढे काय बिघडते, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. ज्याने खेड्यातील शाळा आतून पाहिली आहे त्याला उत्तर ठाऊक असते. एकच शिक्षक असेल, तर तो आजारी पडला की शाळा बंद. तो केंद्रशाळेत बैठकीला गेला की शाळा बंद. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, मतदारयाद्यांचे काम हे सारे त्याच्याच डोक्यावर. चार इयत्ता एका खोलीत बसवून तो शिकवील किती? पालक हे पाहतो आणि ज्याला शक्य आहे तो मुलाला दुसरीकडे नेतो. पट आणखी घसरतो. कमी पटामुळे शिक्षक गेला आणि शिक्षक गेल्यामुळे पट गेला. यांतले आधी काय घडले, हे पुढे कागदावर दिसत नाही. भाषेच्या दृष्टीने तर आणखी एक सूक्ष्म हानी होते. दोन शिक्षक असले, तर ते आपसांत बोलतात. दोन मोठी, शिकलेली, पगारदार माणसे कामकाजाच्या गोष्टी त्या भाषेत बोलत आहेत, हे मूल ऐकते. घराबाहेर, बाजाराबाहेर, सन्मानाच्या जागी आपली भाषा चालते, हे त्याला कोणी न सांगता कळते. एकटा शिक्षक मुलांशीच बोलणार, आणि मुलांशी बोलण्याची भाषा ही नेहमीच आज्ञेची भाषा असते.

आयर्लंडच्या शासनाने पुढे एक पाऊल मागे घेतले. २०१५ साली ती अट २० वरून १९ वर आली आणि दूरवरच्या एकाकी शाळांना अधिक सवलत मिळाली. पण विशीचा हा आकडा विसरून चालणार नाही. त्याच आकड्यापाशी महाराष्ट्र येऊन उभा आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे प्रमाण आहे. त्याखाली कोणतीही पायरी नाही. सहा मुले असोत वा साठ, शिक्षक दोन. २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १३०० हून अधिक शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली समूहशाळांची कल्पना पुढे आली. पानशेत आणि तोरणमाळ ही तिची उदाहरणे. त्या वेळी राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची संख्या १४ हजार ७८३ सांगण्यात आली. विद्यार्थी १ लाख ८५ हजार ४६७ आणि शिक्षक २९ हजार ७०७. मग १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. वीसपर्यंतच्या पटाला नियमित शिक्षकाचे एकच पद, दुसरा लागलाच तर निवृत्तांतून. आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसहून कमी मुले असतील तर पदच नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळांत दुसऱ्या पदावर १५ हजार रुपये मानधनाचा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. राज्यभर मोर्चे निघाले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हा कंत्राटीचा निर्णय रद्द झाला.

शासनाची बाजूही ऐकली पाहिजे. सरासरी काढली तर त्या शाळांत साडेबारा मुलांमागे दोन शिक्षक पडतात. सहा मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही, वर्गात चुरस नसते, समवयस्क सोबती मिळत नाहीत. काही गावांत हाकेच्या अंतरावर दोन दोन शाळा आहेत आणि त्या केवळ भावकीच्या भांडणापायी वेगळ्या राहिल्या आहेत. त्या एकत्र केल्या तर कोणाचे काही बिघडणार नाही. प्रत्येक लहान शाळा पवित्र आहे असे म्हणणारा माणूस लहान शाळेत मुलाला घालत नसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हा पेच आहे. एका प्रकरणात ते निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचा किंवा घरच्या भाषेचा आग्रह धरते, आणि दुसऱ्या प्रकरणात लहान, विखुरलेल्या, एकशिक्षकी शाळांवर शाळासंकुलांचा उपाय सुचविते. देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी असल्याची नोंद त्याच धोरणात आहे. दोन्ही प्रकरणे आपापल्या जागी शहाणपणाची आहेत. ती एकाच वाडीवर एकदम लागू केली, की काय होते ते पाहावे लागते.

त्यासाठी अंबरनाथ तालुक्यात यावे. मलंगगडाच्या पायथ्याच्या आणि बारवीच्या बाजूच्या डोंगराळ पट्ट्यात कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. कातकरी ही केंद्राने विशेष दुर्बल मानलेल्या, महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया या उरलेल्या दोन. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे म्हणून ते काथोडी. जंगल हातचे गेले आणि काथही गेला. दिवाळी आटोपली की वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेले कुटुंब बिऱ्हाडासह भट्टीवर जाते ते पाऊस तोंडावर आल्यावर परत येते. मुलेही जातात. शाळेचा पट परंपरेने ३० सप्टेंबरचा धरला जातो. पण आता नाव पटावर असून भागत नाही, आधारची पडताळणी पूर्ण झालेलेच मूल संचमान्यतेत धरले जाते. जन्मदाखला नाही म्हणून आधार नाही, आधारवरचे नाव हजेरीपटाशी जुळत नाही, असे मूल वर्गात बसलेले असते आणि हिशेबात नसते. वाडीत बावीस मुले असावीत आणि कागदावर अठरा निघावीत, एवढे पुरते. दुसरा शिक्षक जातो.

आणि या मुलाला तर तो अधिक हवा असतो. कातकरी बोली मराठीच्या कुळातलीच, पण पहिलीच्या पुस्तकातील मराठी म्हणजे तिच्यापासून दोन डोंगर पलीकडे. वाडीवर पाच-सहा वर्षे टिकलेला शिक्षक ती बोली उचलतो, मुलाच्या शब्दापासून पुस्तकाच्या शब्दापर्यंत त्याला हाताला धरून नेतो. बदलीने आलेल्या, चार इयत्ता आणि सारे अहवाल सांभाळणाऱ्या एकट्या शिक्षकाला ते जमत नाही. मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला मंद ठरविण्यास फार वेळ लागत नाही. मग बोलीही जाते आणि मराठीही येत नाही.

या ठिकाणी एकल विद्यालयांचा दाखला दिला जाण्याची शक्यता आहे. एका शिक्षकावर हजारो वनवासी पाड्यांत काम उभे राहिले, मग सरकारी शाळेला दोन कशाला? तो दाखला येथे लागू पडत नाही. एकल विद्यालय दिवसातले काही तास चालते, त्याचा शिक्षक बहुधा त्याच परिसरातला असतो आणि त्याच्यावर यू-डायसचे ओझे नसते. ते पूरक काम आहे. त्याच्या नावाने शासनाने आपले पद वाचवावे, हे त्या कार्यकर्त्यांवरही अन्यायाचे होईल.

उरले बदलापूर. येथील श्रोत्यांना वाडीच्या शाळेबद्दल कळवळा वाटेल, उल्हासनगरच्या आजीबद्दलही वाटेल. पण उल्हासनगरात सत्तरच्या दशकात ज्या घरांनी पहिलीची तुकडी रिकामी केली, ती घरे आजच्या बदलापुरातील घरांहून वेगळी नव्हती. तीही सुस्थितीतली होती, भाषेचा अभिमान बाळगणारी होती, झुलेलालाचा उत्सव थाटाने करणारी होती. मराठीला राज्य आहे, राजभाषेचा कायदा आहे, ३ ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात दर्जाही आहे. आयरिशला तर स्वतंत्र राष्ट्र होते. या रेल्वेमार्गावरील गावांत मराठी माध्यमाची पहिलीची तुकडी भरताना मुख्याध्यापकांना जून महिन्यात दारोदार फिरावे लागते, हे कोणापासून लपलेले नाही. वाडीवरच्या कातकरी मुलाला मराठी शाळा टिकावी असे वाटणारा आणि स्वतःच्या मुलाला ती नको असणारा, असा समाज शासनापुढे कोणत्या तोंडाने जाणार? गटशिक्षणाधिकारी एकच प्रश्न विचारील आणि सभा संपेल.

आयर्लंडने या चक्रातून निघण्याचा एक मार्ग २०१६ च्या अखेरीस स्वीकारला. गेल्ताख्तमधील शाळांपुढे निवड ठेवण्यात आली: इंग्रजी सोडून सारे विषय आयरिशमधून शिकवा, पहिली दोन वर्षे केवळ आयरिश ठेवा, आणि त्या बदल्यात जादा शिक्षकतास, साहित्य व प्रशिक्षण घ्या. शंभराहून अधिक प्राथमिक शाळांनी ती अट पत्करली. म्हणजे साहाय्य पटाला नव्हे, भाषेच्या कामाला जोडण्यात आले. जी शाळा नुसते नाव लावून बसली होती तिला ते मिळाले नाही.

ठाणे जिल्ह्यात असे काही करायचे, तर आरंभ लहान असू शकतो. ज्या वाडीपासून दुसरी शाळा ओढ्यापलीकडे किंवा चढणीवर आहे, आणि ज्या वाडीतील मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी आहे, अशा शाळांची नावे प्रथम काढावी लागतील. ती संख्या एका तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी निघेल. त्या शाळांना पट न पाहता दुसरे पद द्यावे, ते पाच वर्षे हलवू नये, आणि पहिली-दुसरीत मुलाच्या बोलीतून बोलण्याची अट शिक्षकावर घालावी. उल्हासनगरात सिंधी माध्यमाची शाळा पुन्हा उभी राहणे आता अवघड आहे, पण कोणत्याही माध्यमाच्या शाळेत आठवड्याला तीन तास देवनागरी सिंधीचे ठेवता येतील. शिकविणारे सत्तरीचे असले तरी अजून आहेत. आणि आधारच्या पडताळणीसाठी, भट्टीवर कुटुंबे जाण्यापूर्वी, वाडीवर दोन दिवसांचे शिबिर लावण्यास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ऑगस्टमध्ये पाऊस थोडा उघडीप देतो, रस्ते चालू असतात, आणि ३० सप्टेंबरला महिनाभर अवकाश असतो.